बारशाला निघालेली होडी

पुण्यातल्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली शिडाची होडी हौसरावांनी लिलावात घेतली, तेव्हा अख्ख्या मांडवगण फराटा गावानं त्यांना वेड्यात काढलं. पण भीमेच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यावर ती होडी चालली ती चाललीच. मधोमध गाडीसारखं स्टेअरिंग आणि तिथून मागच्या सुकाणूपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी तारा, असा तिचा थाट. त्या जुनाट तारांपैकी एक नेमकी नातीच्या बारशाच्या आदल्या दिवशी तुटली.

बारसं होतं नदीपलीकडं, खुटबावला. हौसरावांची सून सुलक्षणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे हौसरावांची लेक रंभा. सासर सोडून माहेरी आलेली, बापाची शेती ट्रॅक्टरवर बसून रेटणारी. पण हौसरावांची थोरली बहीण ताईबाई आडवी आली. नांदत नसलेल्या बाईनं पहिल्या लेकराचं नाव सांगू नये, चुलत आत्या सुषमा सांगेल, असं तिनं चारचौघांत सांगून टाकलं. बाळाचा बाप सत्यजीत पडला भिडस्त. मुहूर्ताला जी हजर असेल ती सांगेल, एवढं बोलून तो सुटला.

रंभाला फार लागलं ते. बाळ पोटात होतं तेव्हापासून तिनं नाव मनात धरलं होतं. बारशाच्या सकाळी जीप पुलाच्या वळशानं निघाली, त्यात सुषमा पुढच्या सीटवर आणि रंभाला जागाच नाही. जागा तशी ताईबाईलाही नको होती, जीपमध्ये तिला उलट्या व्हायच्या. म्हणून मग दोघी होडीत समोरासमोर बसल्या, तोंडं फिरवून.

हौसरावांनी विहिरीत मोटर सोडायची तार आणून दोन्ही बाजूंच्या तारा नव्या घातल्या होत्या. काम चोख, पण हात मळणीयंत्राचे. यंत्राचा पट्टा हयातभर तिढा देऊन चढवलेला, तसाच तिढा त्यांनी इथंही दिला आणि डावी तार उजवीकडं, उजवी डावीकडं नेली. आता घसरायचं नाव न्हाई, असंही वर ऐकवलं.

मधल्या धारेला वारा शिडात भरला आणि होडीनं रंग दाखवला. पलीकडचा घाट उजव्या हाताला, हौसरावांनी चाक उजवीकडं फिरवलं, तर होडी निघाली डावीकडं, बुडालेल्या बाभळींच्या दिशेनं. त्यांनी आणखी फिरवलं, ती आणखी पळाली. ताईबाईनं डोलकाठीला मिठी मारून खंडोबाला साकडं घातलं.

रंभानं वाकून तारा पाहिल्या आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. सोडून बांधायला वेळ नव्हता, मुहूर्त टळला असता.

"आबा, तुम्ही शीड धरा," ती म्हणाली. "ही म्हंजी उसाची ट्रॉली रिव्हर्स घेतल्यावानी हाय."

कारखान्याच्या गर्दीत भरली ट्रॉली मागं घेताना चाक उलटं फिरवायची तिला सवयच होती. तिनं चाक डावीकडं फिरवलं. होडी कुरकुरली आणि निमूट उजवीकडं वळली. बाभळी मागं पडल्या तशी रंभाला लहर आली. तिनं जरा जास्तच झोकात एक वळण घेतलं. ताईबाईनं डोळे उघडले, भाचीकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले नाहीत. हौसराव शिडाच्या दोरीआडून हसत होते, चूक कुणाची हे सोयीनं विसरून.

घाटावर व्याह्यांचा टेम्पो उभा होता. खुटबावला पोचले तेव्हा पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या आणि सुषमा पाळण्यावर वाकतच होती. सत्यजीतनं ताईबाईकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तिचा अंबाडा सुटलेला, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"सुषमे, सरक बाई," ताईबाई म्हणाली. "सख्खी आत्या आलीय."

रंभाचे पाय जागीच थबकले. मग ती पुढं झाली, खाली वाकली आणि इवल्याशा कानात म्हणाली, प्रगती. लगेच रिवाजाप्रमाणे बायकांचे धपाटे तिच्या पाठीत पडू लागले. त्यातला एक असा काही जोराचा होता, की व्याहीणबाईंनी ताईबाईचा हात धरला, जरा हळू म्हणून.

"हळू का?" ताईबाईनं हात सोडवून घेतला. "आत्याचा मान हाय, पुरता घिऊ द्या तिला."

आणि तिनं दुसरा हाणला. रंभा डोळे पुसत, हसत, आणखी खाली वाकली.