तो की ती

बाई छापखान्याचा जिना चढत होत्या. बायकांनी कादंबरी लिहिणं हेच त्या काळी लोकांना अति झालं होतं, आणि या तर थेट छापखान्यात निघालेल्या! पण करणार काय? सकाळी आलेल्या प्रुफानं घात केला होता. बाईंनी लिहिलं होतं, ‘दार लावून घेऊन तो रडला.’ प्रुफात होतं, ‘ती रडली.’

दुपारी ते पान यंत्रावर चढलं की संपलंच. आणि त्या एका वाक्यासाठी तर बाईंनी अख्खी कादंबरी लिहिली होती. तेव्हाच्या कादंबऱ्यांतले पुरुष एकतर मिशांना पीळ भरत, नाहीतर पानंच्या पानं व्याख्यानं झोडत. असला पुरुष बाईंनी कुठल्याच घरात पाहिला नव्हता. त्यांनी पाहिले होते ते आपले यजमान, मास्तर. थोरली मुलगी गेली तेव्हा चारचौघांत दगडासारखे उभे राहिले, आणि मग बंद दारामागून त्यांचे हुंदके आले. ते कुणी ऐकले नाहीत, असं मास्तरांना वाटत होतं.

खिळे जुळवणारा जुळारी कानांवर हात ठेवून म्हणाला, “माझ्यावर नका घालू हं बाई! माझं काम मक्षिकास्थाने मक्षिका. खाडाखोड तुमच्याच कागदावर आहे.”

बाईंनी कागद ओढून घेऊन पाहिला. अक्षर मास्तरांचं होतं. म्हणजे त्यांनी वाचलं, स्वतःला ओळखलं, आणि चकार शब्द न काढता रडणं बायकोच्या गळ्यात घातलं. बाईंना रागही आला आणि कीवही. त्यातून पुस्तकावर लेखिका म्हणून मास्तरांचं नाव आणि पुढे ‘यांच्या पत्नी’ एवढंच छापायचं ठरलेलं. मग ‘तो’ कोण, हे शेंबडं पोरही सांगणार.

“‘तो रडला’ करा,” बाई म्हणाल्या.

“अहो, लोक फिदीफिदी हसतील! बाप्या माणूस कधी असा...” जुळाऱ्याची नजर दाराकडे गेली. “हे बघा, मास्तरच आले. मास्तर, तुम्हीच समजवा यांना.”

घरी टेबलावर प्रूफ दिसलं नाही म्हणून मास्तर धावत आले असावेत. त्यांना धाप लागली होती. बाईंच्या मनात आलं, आता हे भडकले तर? पुस्तकच बंद करा म्हणाले तर?

“ती म्हणते तसं छापा,” मास्तर बाईंकडे न बघता म्हणाले. “फक्त त्यावर माझं नाव नको.”

आणि आल्या पावली ते जिना उतरून गेले. बाईंना त्यांच्यामागे धावावंसं वाटलं, पण पान अजून दुरुस्त व्हायचं होतं.

जुळाऱ्यानं डोकं खाजवलं. “मग बाई, आता कुणाच्या पत्नी म्हणून घालू?”

“कुणाच्या नको. माझं नाव घाला.”

“ते काय?”

बाईंनी सांगितलं. आवाज इतका कापत होता, की जुळाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं.