अळणी दसरा

आश्विन उतरला तो सोनपावलांनी उतरला. नेपाळातल्या लमजुंगच्या डोंगरउतारावर पायरीपायरीने रचलेली भातशेती पिवळीधमक झाली, खाली मर्स्यांगदी नदीचं निळंशार पाणी आपल्याच नादात धावत राहिलं, आणि वर, फार वर, हिमशिखरांची शुभ्रधवल, निःशब्द, निर्विकार रांग उभी राहिली. ऊन कोवळं, केशरगंधी, अंगाखांद्यावर खेळवावं असं. गावाच्या माळावर बांबूंचा उंच झोका बांधला होता, कारण दशैं जवळ आला होता. त्यांचा दशैं म्हणजे आपलंच नवरात्र आणि आपलाच दसरा.

त्या सोनेरी उतारावरच्या एका मातीच्या घरात मंदाकिनी राहायला आली होती. चिपळूणची शाळामास्तरीण, वय वर्षं सेहेचाळीस, गावातल्या शाळेत दोन महिने गणित शिकवायला आलेली. ती तीन वर्षांची असताना आई गेली. मग वसतिगृहं, मग भाड्याच्या खोल्या. या बाईच्या कपाळावरून उभ्या जन्मात कुणाचा हात म्हणून फिरला नव्हता, आणि ते दुःख तिने इतकं नीट घडी घालून ठेवलं होतं की तिचं तिलाही सापडत नसे.

इथे ते सापडलं. सापडलं ते आमांमुळे. आमा म्हणजे घरधन्याची, टेकबहादुरची आई. सुरकुतलेली, सावळी, सूर्यहसरी म्हातारी. पहिल्याच सकाळी तिने मंदाकिनीच्या हातात गरम दुधाचा पेला ठेवला आणि म्हणाली, "छोरी, पी." छोरी म्हणजे लेक. एवढंच. पण त्या दोन अक्षरांनी सेहेचाळीस वर्षांची घडी उलगडली, आणि ही वेडी चुलीकडे तोंड करून, धूर गेला म्हणत, डोळे पुसत बसली.

मग दिवस उगवत गेले, दिवस मावळत गेले. सून सुन्तली भात वाढायची, "दिदी, अजून थोडा," म्हणायची आणि थोडा म्हणता म्हणता डोंगर रचायची. आमा मंदाकिनीच्या केसांना मोहरीचं तेल चोपडायच्या. मंदाकिनी आमांच्या गुडघ्यांना. या घरात आपण पाहुणी नाही, या घरात आपण लेक आहोत, असं ती रोज मनाशी म्हणे. आणि रोज थोडं जास्त खरं मानी.

घटस्थापनेच्या दिवशी आमांनी तिला देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. पानांच्या द्रोणांत नदीची वाळू, वाळूत जव. दोघींनी एकाच वाळूत हात घातले. "आमच्याकडेही घट बसतात, आमा. असंच रुजतं, असंच वाढतं." म्हातारी खुदकन हसली. "मग तू परकी कशी गं? हे अंधारात वाढवायचं, ऊन लागू द्यायचं नाही, म्हणजे सोन्यासारखं पिवळं येतं. दशमीला मीच कापीन आणि तुझ्या केसांत खोवीन. लाल टिकाही माझ्याच हातचा. तोवर दार उघडायचं नाही हं!"

एका टिक्यासाठी मंदाकिनीने परतीचं तिकीट पुढे ढकललं. लोक कशाकशासाठी जीव टाकतात. हिने कपाळावरच्या चिमूटभर ओल्या, लाल तांदळांसाठी टाकला. आईच्या वयाच्या बोटांनी एकदा, फक्त एकदा, आपल्याला लेक म्हणून हात लावावा, एवढंच तिला हवं होतं.

तृतीयेला आमा नदीपलीकडे थोरल्या मुलाकडे गेल्या. जाताना सुनेबरोबर घराच्या भिंती तांबड्या मातीने अर्ध्या सारवून झाल्या होत्या. वरचा अर्धा भाग पांढऱ्या मातीने उजळायचा राहिला होता. "येते दशमीच्या सकाळी," असं म्हणत काठी टेकीत त्या उतार उतरल्या. वळणावर थांबून त्यांनी एकदा हात हलवला.

पंचमीला टेकबहादुरचा फोन वाजला. तो अंगणाच्या टोकाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ राहिला. मग दादाकडे शेताचं काम निघालं म्हणून तोही नदीपार गेला. "आमांचा गुडघा धरलाय," सुन्तली म्हणाली, "येतील हळूहळू." आणि ती झटकन गोठ्यात गेली.

त्या दिवसापासून घराचा रंग उडत गेला, आणि हिला कळेल तर शपथ! भिंती अर्ध्याच राहिल्या. सुन्तलीची लाल चोळी गेली, लाल शाल गेली, अंगावर एक फिकट, पांढुरकं लुगडं आलं. विचारलं तर म्हणे, "धुवायला टाकलंय सगळं, सणाचे दिवस ना." आणि भाजी? बाई बाई, काय ती भाजी! एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी खारट ढोण. मंदाकिनी खो खो हसली. "सुन्तली, अगं मिठाचा डबाच उपडा केलास की काय? चाखून बघत जा की जरा!" सुन्तली हसली. खाली बघून, ओठ दाबून हसली. स्वतः मात्र चुलीपाशी, पाठ करून, एकवेळचं काहीतरी पांढरंशुभ्र जेवत राहिली. मंदाकिनीला वाटलं, नवरात्राचा उपास.

दशमीचं ऊन झळाळत आलं. गावभर कपाळं लाल झाली, कानांवर पिवळे अंकुर डोलू लागले, झोका आभाळाला पाय लावून परत येऊ लागला. मंदाकिनी न्हाऊन, मोरपंखी साडी नेसून, अंगणात वळणाकडे डोळे लावून बसली.

"आमांना नाही जमत आज," सुन्तली म्हणाली. "वरच्या घरच्या आजी लावतील टिका. आमांनीच सांगितलंय." मंदाकिनीचा चेहरा पडला, पण आमांनीच सांगितलंय म्हटल्यावर ती उठली. सुन्तली कुंपणाशीच थांबली. आत आली नाही.

वरच्या घरची आजी नव्वदीची, मायाळू, थरथरत्या हातांची. तिने दही, लाल अबीर आणि तांदूळ कालवून मंदाकिनीच्या कपाळभर थापले. ओले, गार, लालभडक. केसांत अंकुर खोवले. आणि आशीर्वाद देता देता, साध्या, निर्मळ मनाने, तिने म्हटलं, "मोठं आयुष्य लाभो. जी वैकुंठाला गेली तिचेही आशीर्वाद तुलाच गं. कसा जीव होता तिचा तुझ्यावर! आज सहावा दिवस ना तिचा?"

झोका वर गेला. झोका खाली आला. मंदाकिनीच्या कपाळावरून एक लाल थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळला, आणि तिला तो पुसायचं सुचलं नाही.

सहावा दिवस. म्हणजे पंचमी. म्हणजे फोन. म्हणजे टेकबहादुर पलीकडे क्रियेला बसलाय, इथल्या रीतीने पांढऱ्या वस्त्रात, मीठ सोडून. म्हणजे सुन्तलीनेही मीठ सोडलंय; म्हणूनच ती चाखत नव्हती, म्हणूनच भाजी खारट होती. आणि आपण हसलो. आमा चितेवर गेल्या आणि आपण इथे बसून मिठावरून विनोद केले!

ती कुंपणापाशी आली ती फुटलीच. "का लपवलंस? सहा दिवस मला खाऊपिऊ घातलंस, हसवलंस, आज हे लाल कपाळ करून गावात मिरवलंस! मी लेक होते ना तिची? लेकीला असं फसवतात?"

सुन्तलीचे डोळे कोरडे होते. सहा दिवस तिलाही रडता आलं नव्हतं. "मीही गेले नाही, दिदी," ती हळूच म्हणाली. "सासूचं तोंड पाहायला गेले नाही. तुम्हाला जेवू कोण घालणार? सुतकातल्या हातचं बाहेरच्याला घालू नये, तरी घातलं. पाप लागलं तर मला लागो. आमांचा शेवटचा निरोप होता. थोरल्या जावेला त्या म्हणाल्या होत्या, पाहुणीचा दशैं बुडवू नका."

"पाहुणीचा?"

"हो."

"पाहुणीच म्हणाल्या?"

 सुन्तलीला वाटलं होतं, हा निरोप ऐकून दिदी निवतील. ती पुढे चालू लागली.

घरी येऊन मंदाकिनीने अंधाऱ्या खोलीचं दार उघडलं. सोन्यासारखे अंकुर वीतभर वाढले होते खरे. पण सुतक लागल्यामुळे पंचमीपासून पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. ते पिवळे, पेंगुळलेले, एकमेकांच्या गळ्यात पडलेले अंकुर अंधारात आडवे झाले होते. न कापलेले. कुणाच्याही केसांत न गेलेले. तिने वाळूत हात घातला. वाळू कोरडी होती.

मग तिने अंगणातल्या पाण्याच्या धारेखाली कपाळ धरलं. पाणी लाल झालं, फिकट झालं, नितळ झालं. ओल्या कपाळाने ती चुलीकडे गेली आणि सुन्तलीच्या शेजारी, उघड्या जमिनीवर बसू लागली. "मलाही अळणी वाढ."

सुन्तलीने आडवा हात केला. अंगाला न लावता, नुसता हवेत. "नको दिदी. सुतक घरच्यांना असतं. तुम्ही मोकळ्या आहात."

मोकळ्या! सेहेचाळीस वर्षं ती मोकळीच तर होती.

ओसरीवर तिचं ताट मांडलेलं होतं: भाताचा डोंगर, वरणाची वाटी, हिरवी भाजी, लोणचं, तूप, पाहुणीचं भरगच्च, भरजरी ताट. आत चुलीपाशी सुन्तली पाठ करून पांढरा घास गिळत होती. दूर माळावर झोका वर जात होता, खाली येत होता. मंदाकिनीने भाजीचा घास घेतला. आजही कुणी चाखली नव्हती. आजही खारट होती. आज ती हसली नाही, बोलली नाही. घासामागून घास, घासामागून घास, तिने ते मीठ शेवटच्या शितापर्यंत संपवलं, आणि रिकामं ताट उचलून, आत न जाता, उंबऱ्याच्या बाहेरच ठेवलं.