गुरुवारची फेरी

बापाने कमरेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला, श्वास रोखला आणि गच्चीच्या फरशीपासून वीतभर वर उठला. तिथेच त्याचा चेहरा पिळवटला. खाली आला तो पाण्याच्या टाकीला धरूनच.

“झालं,” तो म्हणाला. “मणक्यानं आज राजीनामा दिला.”

मुलगा जिन्याच्या दारात चहाचे दोन कप घेऊन उभा होता. त्याने कप कठड्यावर ठेवले आणि काखेत हात घालून बापाला बसतं केलं. एके काळी याच माणसाने पुलावरून लोंबकळणारी बस माणसांसकट धरून ठेवली होती. वर्तमानपत्रांनी तेव्हा त्याचं नाव ‘उड्डाणराव’ ठेवलं आणि ते असं चिकटलं, की बँकेतला कारकूनही सही जुळली नाही तर ‘उड्डाणराव, पुन्हा करा’ म्हणायचा. आता साठी उलटली होती. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली होती. उडण्याबद्दल ते काही बोलले नव्हते, कारण त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि बापाने त्याचा सोयीस्कर अर्थ काढला होता.

“चार वाजता मास्तरीणबाई खिडकीत येऊन बसतील,” बाप म्हणाला.

“फोन करून सांगतो, आज जमत नाही म्हणून.”

“तीन वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही मी.”

“शब्द तुम्ही दिला होतात, बाबा.”

“मी ‘आम्ही दोघं’ म्हणालो होतो. तू शेजारीच उभा होतास.”

मुलाने चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

तीन वर्षांपूर्वी छापखान्याला आग लागली, तेव्हा दोघेही गेले होते. त्यांचा एक नियम होता. आधी माणसाला पट्ट्याने आपल्याशी बांधायचं, मगच पाय सोडायचे. धूर फार होता, मुलाने पट्टा बांधला नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्याने खिळे जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्या जुळाऱ्याला उचललं, आणि अंगणावरून उडत जाताना शाईने बरबटलेला तो माणूस त्याच्या हातांतून निसटला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं. त्याला कायमचं शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. त्याची बायको निवृत्त मास्तरीण, राहायला सहाव्या मजल्यावर. दोन्ही गुडघे गेलेले, आणि इमारतीची लिफ्ट बंद. तेव्हा दवाखान्याच्या बोळात बापाने शब्द दिला होता, की लिफ्ट चालू होईपर्यंत दर गुरुवारी आम्ही दोघं तुम्हाला नेऊ-आणू.

त्या दिवसापासून बाप एकटाच जात होता. मुलगा मालवाहू गाडी चालवायला लागला. पाय जमिनीवर असलेले बरे, असं तो म्हणायचा आणि ऐकणारे हसायचे.

“मला नाही जमणार,” तो आता म्हणाला.

“मलाही नाही जमत,” बाप म्हणाला. “पण ती बाई चार वाजता खिडकीत बसणार.”

त्याने पट्टा सोडला आणि मुलाच्या मांडीवर ठेवला.

सहाव्या मजल्याच्या खिडकीखाली आतल्या बाजूला एक पायपुसणं अंथरलेलं होतं. मास्तरीणबाई खांद्याला पिशवी अडकवून खुर्चीत तयार बसल्या होत्या.

“आज बाबांच्या ऐवजी…” मुलाने खिडकीबाहेर तरंगतच सुरुवात केली.

“दिसतंय मला. चष्मा नवा आहे.”

“त्यांची कमर धरलीय. तुम्हाला नको असेल तर…”

“आत ये. पाय पूस आधी.”

त्याने पाय पुसले. मग तो खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. मास्तरीणबाईंनी हात पुढे करून पट्टा मागितला, स्वतःच बांधला आणि दोनदा ओढून बघितला.

“मी घट्ट धरीन,” तो म्हणाला.

“तू धर. मीही धरते. पट्टाही आहे. तिघांपैकी कोणी तरी टिकेल.”

त्यांना घेऊन खिडकीतून पाय सुटताच त्याला तोच धूर नाकात गेल्यासारखा वाटला. तो जागच्या जागी तरंगत राहिला. पुढेही जाईना आणि मागेही.

“शंभरातून सात वजा करत जा,” मास्तरीणबाई त्याच्या कानाशी म्हणाल्या. “मोठ्यानं.”

“आत्ता?”

“मग कधी, उतरल्यावर?”

“त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. एकाहत्तर…”

“बहात्तर. पुन्हा पहिल्यापासून.”

असं करत करत ते गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी ओलांडून गेले. तिसऱ्या खेपेला तो दोनपर्यंत पोचला तेव्हा शुश्रूषागृहाचं आवार पायांखाली आलं होतं. मास्तरीणबाईंच्या मुठीत त्याच्या शर्टाची कॉलर होती, आणि ती मूठ पांढरी पडली होती. त्यांनाही भीती वाटत होती हे त्याला तेव्हा कळलं.

जुळारी खिडकीजवळच्या खाटेवर होते. एक परिचारिका औषधं देत होती.

“काल आणलेलं पुस्तक संपवलं हो यांनी,” ती मास्तरीणबाईंना म्हणाली. “छपाईच्या सतरा चुका काढल्यात.”

मुलगा दाराशीच घुटमळला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि बायकोला विचारलं, “हाच का?”

“हाच.”

“उभा काय? बसायला सांग त्याला.”

तो बसला नाही. तीन वर्षं मनात घोळवलेलं मोठं बोलणं होतं, त्यातली दोनच वाक्यं तोंडातून आली.

“काका, चूक माझी होती. पट्टा बांधला नव्हता मी.”

“माहीत आहे,” म्हातारा म्हणाला. “मी तिथंच होतो.”

परिचारिका फुटकन हसली आणि मग ओशाळली. म्हाताराही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते पुसायची तसदी घेतली नाही.

“मला जरा वर सरकवून दे,” तो म्हणाला. “या पोरी फार हळू उचलतात.”

मुलाने त्याच्या पाठीखाली एक हात घातला, निर्जीव मांड्यांखाली दुसरा. क्षणभर दोघेही थांबले. मग त्याने त्याला उचललं, उशीवर नीट ठेवलं आणि हात काढून घ्यायला त्याला थोडा वेळ लागला. त्यानंतर तासभर तो खुर्चीत बसून होता आणि नवरा-बायको भाड्यावरून, कोणाच्या तरी लग्नावरून आणि त्या सतरा चुकांवरून बोलत होते.

परत आल्यावर मास्तरीणबाईंनी पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. त्याचे खांदे भरून आले होते.

“आता दारानं जा,” त्या म्हणाल्या. “तुम्हा लोकांना सवय नाही, पण दारही आहे या घराला.”

तो बाहेर आला. सहा मजले उतरायचे या विचाराने सुस्कारा सोडतोय तोच समोरचा लोखंडी दरवाजा सरकला आणि शेजारचे गृहस्थ दोन पिशव्या घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले.

“ही बंद आहे ना?” मुलाने विचारलं.

“कोण म्हणालं? मागच्या वर्षीच दुरुस्त झाली. कुठून आलात तुम्ही?”

खिडकीतून, असं सांगून उपयोग नव्हता. तो मागे वळला. मास्तरीणबाईंचं दार उघडंच होतं आणि त्या दारातच उभ्या होत्या.

“लिफ्ट चालू आहे,” तो म्हणाला.

“चौदा महिने झाले. बाकीच्या दिवशी तिनंच जाते मी.”

“आणि बाबा?” त्याचा आवाज चढला. “त्यांच्या कमरेची काय दशा झालीय, माहीत आहे? चौदा महिने उगाच?”

“चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “किती वेळा जिभेवर आलं होतं. पण लिफ्ट सुरू झाली म्हटलं असतं तर शब्द संपला असता. तुझे बाबा नमस्कार करून गेले असते, आणि तू काही आला नसतास.”

“तुम्ही माझी वाट बघत होतात?”

“मी नाही रे. मला तर तुझं तोंडही बघायचं नव्हतं. हे बघत होते. दर गुरुवारी मी पोचले की पहिला प्रश्न तोच, मुलगा आला का?” त्यांनी दाराची कडी उगाच वरखाली केली. “जाण्याआधी त्या पोराला एकदा मोकळं करायचंय म्हणायचे. मला नव्हतं पटत.”

लिफ्टचा दरवाजा मागे आपोआप मिटला.

“आज पटलं का?” त्याने शेवटी विचारलं.

“एकाहत्तर म्हणालास तेव्हा थोडंसं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी बाप पालथा पडून होता, कमरेवर गरम पाण्याची पिशवी. मुलगा आल्याचं कळूनही त्याने मान वळवली नाही.

“नेलंस?”

“नेलं. आणलं.”

“लिफ्टचं काही म्हणाल्या का?”

मुलाने पट्टा खुंटीला अडकवला. बापाच्या पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना काळसर वळ उठले होते, ते तो बघत राहिला.

“अजून वेळ लागेल म्हणे.”

“काय ही माणसं. एक लिफ्ट दुरुस्त होत नाही यांच्याच्यानं. मग पुढच्या गुरुवारी?”

“मी जाईन. तुम्ही आता पडून राहायचं.”

बापाने उशीत तोंड खुपसूनच विचारलं, “ते काय म्हणाले?”

“वर सरकवून दे म्हणाले.”

“मग?”

“मग उचललं मी त्यांना.”

बापाची पाठ एकदा हलली, पुन्हा एकदा हलली. पिशवी सरकून खाली पडायला आली, तेव्हा मुलाने ती धरली आणि होती तिथे परत ठेवली.

“जड होते?” बापाने विचारलं.

“नाही,” मुलगा म्हणाला. “अगदी हलके झालेत.”