दुसरीच्या मापाने मोजलेली हार्ड डिस्क

झेंडूचा हार, ओला.

पितळी वाटीत ठेवलेला एक गोल, चपटा सेल.

मोटारींच्या शर्यतीचा खेळ.

लकव्याने गेलेली जीभ.

पुण्याहून आणलेले आकडे.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मला ज्या माणसांत दिवस काढावे लागले, त्यांनी तो जुळवून दाखवला. मी त्यांच्या घरच्या संगणकाची हार्ड डिस्क. आता जुनी झाले आहे, त्यामुळे कुणाची भीड ठेवत नाही.

माझा जन्म अशा खोलीत झाला जिथे माणसं श्वाससुद्धा फडक्याआडून घेत. तिथून मला राहात्याजवळच्या एका मळ्यात आणलं. तिथे धूळ ही घरातली सगळ्यांत वडीलधारी होती. मळा कारभारी तात्यांचा. ते झेंडू पिकवत आणि शिर्डीच्या हारवाल्यांना देत. संगणक त्यांनी मुलीसाठी, वृषालीसाठी घेतला होता. पाहुणे आले की शाल बाजूला करून तो दाखवत आणि पाहुणे गेले की पुन्हा झाकत. चालू करून दाखवावा असं कुणाच्या मनात येत नसे. कौतुक म्हणतात ते हेच असावं.

माझ्या पोटात बांध घालून दोन तुकडे पाडले होते, सी आणि डी. सीमध्ये संगणकाचा कारभार. डीमध्ये आक्काबाईंच्या ओव्या.

आक्काबाई तात्यांची थोरली बहीण, विधवा, भावाकडेच राहिलेली. फुलं तोडताना त्या स्वतःच्या ओव्या रचून म्हणत. वृषाली त्यांना शेजारी बसवून त्या टाइप करी. उन्हाळ्यात आक्काबाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या ओव्या आता माझ्याशिवाय जगात कुठेही नव्हत्या. एका फ्लॉपीवर प्रत होती. शेजारच्या प्रशांतने ती 'जरा' म्हणून नेली आणि पुसून तिच्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ भरला. हा प्रशांत पुण्याला संगणकाचा कोर्स करून आला होता. किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवण्यात तो चांगलाच तरबेज झाला होता.

सत्त्याण्णवची खंडेनवमी आली. नांगर, कोयते, फवारणीचा पंप, सगळी अवजारं धुऊन मांडली होती. संगणकही अवजारच, म्हणून प्रशांतने डबा उघडून दिला.

"तात्या, हा बंद दिसतो, पण झोपत नाही. आत सेलवर घड्याळ चालूच असतं."

"आजच्या दिशी बी चालू?" तात्या म्हणाले. "आज बैलाला जुपत न्हाई आपण. काढ तो सेल. त्याला बी इसावा पायजे."

आणि त्या विद्वानाने सेल काढला. वाटीत ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. माझ्यावर ओला हार घातला.

मित्रांनो, मी केवढी आहे हे संगणकाला त्या सेलच्या जोरावर आठवतं. दसऱ्याला सेल परत बसवला, तेव्हा संगणक मला साफ विसरला होता. प्रशांत म्हणाला, काही नाही, आकडे भरायचे. ते त्याला पाठ होते, पण त्याच्या क्लासमधल्या डिस्कचे. ती डिस्क माझ्याहून लहान. दुसऱ्याच्या गटाचं माप धरून आपल्या रानाची मोजणी करावी, तसा हा प्रकार. मोजणी माझ्या अर्ध्यावर येऊन थांबली. सी दिसू लागला. बांधापलीकडचा डी नाहीसा झाला.

"पार्टिशन उडालं," प्रशांत म्हणाला. "व्हायरस. सगळं पुसतो आणि नव्याने पाडतो."

"आत्याच्या ओव्या हायेत त्यात," वृषाली म्हणाली.

"होत्या."

"मग आक्काकडनं परत लिहून घे की," तात्या बोलून गेले आणि त्यांची नजर आक्काबाईंच्या खाटेकडे गेली.

पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसायचं, नक्की? प्रशांतचं बोट होकाराच्या 'वाय'वर गेलं. ते बोट खाली येण्याआधी वृषालीने भिंतीतला प्लग ओढला.

"अगं, असं बंद करतात का? बिघडेल."

"आन् तू काय करत हुता, पूजा?"

तिने डबा पुन्हा उघडला. मला बाहेर काढलं आणि अंगावरच्या सुकलेल्या पाकळ्या पुसल्या. खाली माझी चिठ्ठी होती, कारखान्यातच डकवलेली. तिच्यावर माझं माप ठळक छापलेलं होतं. पूजा करणाऱ्यांपैकी एकानेही ती वाचली नव्हती.

"दादा, हा आकडा तू भरलेल्यापेक्षा मोठा कसा?"

"ते कंपनीवाले लिहितात काहीतरी."

वृषालीने कंपनीवाल्यांचं ऐकलं. मला परत बसवून माझा आकडा भरला, आणि डी जिथे होता तिथेच दिसला. तो कुठे गेलाच नव्हता. प्रशांत म्हणाला, "बघ, माझी सेटिंग हळूहळू लागू होतेय."

तिने फाइल उघडून खाटेकडे तोंड करून वाचलं:

झेंडू तोडू तोडू बोटं झाली पिवळी गं,
हळद लागली मला, वरात कुठं वळली गं.

आक्काबाईंचा डावा हात गोधडीवर फुलं तोडू लागला. तात्या उठून पंप बघायला गेले. पंप बंद होता.

मित्रांनो, मला हार नको, विसावाही नको. माझ्यातलं जे तुम्हाला पुन्हा मिळणार नाही, त्याची प्रत काढा आणि शेजाऱ्याला देऊ नका. एखादी गोष्ट दिसेनाशी झाली तर पुसण्याआधी माप कुणाचं लावलंय ते बघा. तुम्ही यातलं काही कराल असं मला वाटत नाही, तरी सांगितलं.

खंडेनवमीला सेल काढत होते, तेव्हा आक्काबाईंनी डावा हात हलवून 'नको' अशी खूण केली होती, आणि घरच्यांनी त्यांना पाणी पाजलं होतं.