आधी ऐकू येणारा हशा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता रिकाम्या स्टुडिओत हशा ऐकू यायचा, आणि तो कुठल्या विनोदाला आला ते उल्का शेडगेला गुरुवारपर्यंत लिहून द्यावं लागायचं. शुक्रवारी दुपारी दोनशे प्रेक्षक येऊन बसत. नट नंदू दाभोळकर तिचा विनोद सांगे, लोकांचे खांदे गदगदत, तोंडं उघडत. आवाज मात्र येत नसे. तो मंगळवारीच येऊन गेलेला असे. साउंडवाले मोघे तो नंतर जोडून टाकत. युनिटमध्ये कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं.

उल्का साताऱ्याची. कॉलेजात चारशे मीटर हर्डल्स धावायची. विद्यापीठाच्या स्पर्धेत शेवटच्या, दहाव्या अडथळ्यावर ती तोंडघशी पडली, गुडघा कामातून गेला. परतीच्या एसटीत तिने ते पडणं असं काही रंगवून सांगितलं की कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची विसरून हसत बसला. त्या किश्शावर तिला एकांकिका मिळाली, मग स्किटं, मग टीव्हीवरची ही मालिका. नऊ वर्षं झाली.

एवढ्या वर्षांत एकदाच तिच्याकडून चूक झाली. तापामुळे अकरा सेकंदांच्या एका हशाला ती विनोद देऊ शकली नाही. त्या शुक्रवारी तो हशा नंदूच्या तोंडातून बाहेर पडला, दोनशे लोकांच्या आवाजात. तेव्हापासून त्याचा जबडा पुरता मिटत नाही. पेज पितानासुद्धा हनुवटीखाली रुमाल धरावा लागतो.

या मंगळवारी मोघ्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि तिला बोलावून घेतलं.

"एक्केचाळीस सेकंद हसतात," ते म्हणाले. "मग किंचाळतात."

"किती जण?"

"सगळे."

निर्माते पारकर दारातच उभे होते. "किंचाळतात म्हणजे आवडलंय ना?" त्यांनी विचारलं. मग लगेच म्हणाले, "बघा हं उल्काताई, गुरुवारपर्यंत."

बुधवारभर ती लिहीत बसली. सासूचं लिहिलं, सोसायटीच्या मीटिंगचं लिहिलं, हरवलेल्या कवळीचं लिहिलं. हसू येईल असं बरंच जमलं. पण त्यातल्या कशालाही माणसं किंचाळली नसती. आणि किंचाळतील असं जे सुचायला लागलं, ते कागदावर उतरवायला तिचा हात धजेना.

गुरुवारी सकाळी नंदू तिच्या खोलीत आला. रुमाल हनुवटीशी धरून उभाच राहिला.

"उल्का, या वेळी माझ्या तोंडी काही देऊ नकोस गं. परवा नात मला बघून रडली."

"नंदूदादा, नाही दिलं तर काय होतं ते तुला ठाऊक आहे."

"म्हणूनच सांगतोय. उद्या मला तिथे उभंच करू नकोस."

तो गेल्यावर तिने चपला काढल्या आणि सरळ फाटकाबाहेर धावत सुटली. हायवेला लागायचं, मिळेल ती रिक्षा पकडायची, एवढंच डोक्यात होतं. रस्ता डावीकडे वळला. पुढे सरळ गेला, परत डावीकडे वळला आणि समोर स्टुडिओचं फाटक आलं. ती थांबली नाही. पुन्हा डावीकडे, पुन्हा फाटक. गुडघा ठणकत होता, पण पाय आपसूक पडत होते. आठव्यांदा फाटक आलं तेव्हा वॉचमन खुर्चीवरून उठला.

"मॅडम, अजून दोन," तो म्हणाला.

"दोन काय?"

त्याने फाटक उघडून धरलं. उल्का मटकन फाटकाशी बसली. तिला दम लागला होता, पण कानात येत होती ती धाप तिची एकटीची नव्हती.

आत जाऊन तिने पारकरांना सांगितलं, "नंदूदादाला सुट्टी द्या. उद्या मी उभी राहते."

"आणि बोलणार काय?"

"माहीत नाही."

"चालेल," पारकर म्हणाले. "हशा आहेच आपल्याकडे."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता ती प्रकाशात जाऊन उभी राहिली. हातात कागद नव्हता. पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर पर्स होती, शेजारी त्यांचे यजमान कोट घालून बसले होते. उल्काने नमस्कार केला. तेवढ्यावरच सगळे हसायला लागले. आवाज नव्हता. तोंडं उघडी, डोळ्यांत पाणी. कोटवाले गृहस्थ गुडघ्यावर थापा मारत होते आणि थापांचाही आवाज नव्हता. आपण काहीच बोललो नाही, मग हे हसतात कशाला? बाजूला मोघे एकेक बोट मिटत सेकंद मोजत होते.

मग बाईंचं हसू ओठांवरच थिजलं. त्यांनी यजमानांचा दंड घट्ट धरला. दोनशे जणांच्या नजरा उल्कावरून सरकल्या आणि तिच्या खांद्यामागे, जरा वर, एकाच जागी जाऊन थांबल्या. तोंडं आणखी मोठी उघडली.

एक्केचाळीस मोजून मोघ्यांनी हात खाली घेतला. तिच्या मानेवर कुणाचा तरी गरम, धापा टाकणारा श्वास आला.