भावजींचं लिनक्स आणि वहिनींचा गेलेला आवाज

वहिनींचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, पण हातपाय गाळून बसला नव्हता. एका इस्पितळातले डॉक्टर तपासण्यांचे अहवाल बोलून ठेवायचे आणि वहिनी घरी बसून ते ऐकत टाइप करायच्या. डॉक्टर दर वाक्याला खोकायचे. तेवढ्यात कॉम्प्युटरही दम खाऊन घ्यायचा. तिघांचं बरं चाललं होतं.

पण वरच्या मजल्यावर धाकटे दीर राहत होते. अख्खी इमारत त्यांना 'प्रोफेसर' म्हणायची. ते कुठे शिकवत नसत, पण तावडीत सापडलेल्याला शिकवल्याशिवाय सोडतही नसत.

"वहिनी, कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाका. स्वतंत्र व्हाल!" ते एका रविवारी म्हणाले.

"मला कुणी बांधून ठेवलंय, भावजी?"

हे वाक्य पुरं होईपर्यंत भावजी खुर्चीत बसलेही होते. त्यांनी जुनं सगळं पुसलं, नवं टाकलं आणि प्रात्यक्षिक म्हणून वरून स्वतःचा बिनतारी स्पीकर आणून जोडला. खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत गाणं वाजलं. मग स्पीकर बगलेत मारून विजयी वीरासारखे ते जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी डॉक्टरांना सुरू केलं, तर डॉक्टर मुके! पडद्यावर वेळ पुढे सरकत होती, आवाजाची पट्टी नाचत होती, पण ऐकू म्हणून काही येत नव्हतं. वहिनींनी आवाज पूर्ण वाढवला, वायरी काढून पुन्हा खोचल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ढिम्म.

"ड्रायव्हर!" भावजींनी ऑफिसातून फोनवर निदान केलं. रोग कोणताही असो, त्यांचं निदान हेच असे. "मी सांगतो त्या कमांड टाइप करा."

वहिनी टाइपिंगमध्ये पक्क्या. चुकीची कमांडही त्यांनी बिनचूक टाइप केली. त्यामुळे नुकसानही बिनचूक झालं. एका कमांडने प्रिंटर नाहीसा झाला, दुसरीने घड्याळ कुठल्यातरी दूरच्या देशाची वेळ दाखवू लागलं. आवाज मात्र जागचा हलला नाही.

"रेकॉर्डिंग चालूच ठेवा, कधीतरी उठेल," असं सांगून भावजींनी फोन ठेवला.

वहिनींनी इंटरनेटवर जाणकारांच्या चौकात प्रश्न टाकला: आवाज येत नाही, काय करू? पहिल्या जाणकाराने त्यांनाच दहा प्रश्न विचारले. दुसरा म्हणाला, हा प्रश्न चुकीच्या विभागात आहे. तिसऱ्याने कळवलं की याचं उत्तर पूर्वीच दिलेलं आहे, आणि जिथे बोट दाखवलं तिथलं पान केव्हाच उडालं होतं. मग दोघांची जुंपली: आवाजाची जुनी व्यवस्था खरी की नवी? भांडण एकमेकांच्या अकलेपर्यंत पोचलं. एका सज्जनाने मात्र मनापासून लिहिलं, "माझा आवाज येतो."

वहिनींनी कपाळाला हात लावला. रोज सकाळी त्या भावजींच्या सांगण्याप्रमाणे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून ठेवायच्या आणि तेच मोबाइलवर लावून, तो कानाशी धरून, थांबवत, मागे नेत, एका हाताने टाइप करायच्या. मान धरली, कामं तुंबली. शेवटी एका सकाळी त्यांनी वैतागून कॉम्प्युटर लावलाच नाही.

दुपारी जाऊबाई खाली आली. "वहिनी, आज डॉक्टर का नाही बोलले हो?"

"कोण डॉक्टर?"

"ह्यांच्या स्पीकरवर येतात ते! आरोग्याचा कार्यक्रम असतो. मी गाणी ऐकायला स्पीकर लावला, की माझी गाणी राहतात बाजूला आणि ते सुरू होतात. मागे एकदा म्हणाले, पुरुष, मध्यमवयीन, यकृतावर चरबी. अगदी ह्यांचंच वर्णन! त्या दिवसापासून ह्यांना उकडलेलंच वाढते."

वहिनी उभ्याच राहिल्या. "अगं, ते डॉक्टर खोकतात का?"

"सारखे! स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष नाही मेल्याचं."

वहिनींनी तिला वर पिटाळलं, कॉम्प्युटर लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. वरच्या खिडकीतून ओरडा आला, "आले, आले! खोकताहेत!"

मग वहिनींनी एकही कमांड न देता सेटिंग उघडली. आवाजाच्या पानावर, तो कुठून बाहेर पडावा हे विचारणारा रकाना होता. तिथे भावजींचा स्पीकर ऐटीत बसलेला. त्याच्या खाली घरचेच स्पीकर, कुणी विचारत नाही म्हणून गप्प. वहिनींनी त्यांच्यावर क्लिक केलं आणि डॉक्टर खोलीत खणखणीत खोकले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

जाऊबाई धापा टाकत खाली आली. सगळं कळल्यावर तिचा चेहरा पडला. "म्हणजे ह्यांच्या यकृतावर चरबी नाही?"

"असेलही. तपासलंय कुणी? पण ते परक्या लोकांचे अहवाल आहेत हं, कुठे बोलू नकोस."

"मी कशाला बोलते! ह्यांची पँट सैल होतेय, तेवढं पुरे."

संध्याकाळी भावजी आले. उंबरठ्यातच त्यांनी आवाज ऐकला. "आला ना? कुठली कमांड लागली?"

"कमांड नाही. एक क्लिक केलं. आवाज तुमच्या स्पीकरवर जात होता."

भावजींना ते सहन झालं नाही. आवाज त्यांच्याच स्पीकरने पळवला होता, हे तर त्यांनी ऐकलंच नाही. "क्लिक? क्लिकने झालेलं टिकत नाही, वहिनी. मुळातून करायला हवं. उठा, दोन मिनिटं बसू द्या."

आजवर भावजी 'उठा' म्हणाले की वहिनी उठत आल्या होत्या. थोरली भावजय म्हणून, शिकलेला दीर म्हणून, उगाच वाद नको म्हणून. आज त्यांनी खुर्ची टेबलाजवळ आणखी ओढून घेतली.

"भावजी, मुळाला हात लावायचा नाही."

"अहो, पण तुम्हाला त्यातलं—"

"श्श! डॉक्टर बोलताहेत," वहिनी म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या.