निवायला ठेवलेली आमटी

केळशीहून आईचं तेरावं आटपून मी रत्नागिरीला परत आले, पिशवी खाली ठेवली आणि आधी डीप फ्रीजरचं झाकण उघडलं. डबे जसेच्या तसे होते. मी लावले होते त्याच थरांत, वर नुसता बर्फाचा पांढरा भुगा धरलेला. एकालाही कुणी हात लावला नव्हता.

"अगो, गंगाने जेवू घातलं ना आम्हाला," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. गंगामावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, मागच्याच आळीत राहते. "म्हणाली, सुनेच्या माहेरी असं झालंय आणि तुम्ही कसले फ्रीजमधलं खाताय? रोज ताजं रांधून आणायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या डब्यांपायी माझी आणि आईची शेवटची भेट चुकली होती, आणि ते कुणी उघडलेसुद्धा नव्हते. मी झाकण लावलं. मनात म्हटलं, ठीक आहे. आता खा.

नीट सांगते. माझ्या नवऱ्याचं, हर्षदचं, रामआळीत पंखे-मिक्सरचं दुकान आहे. तिथे एक डीप फ्रीजर काही केल्या खपेना, तो शेवटी घरी आला आणि माझ्या गळ्यात पडला. आधी त्यात मासेमारी बंद असते त्या दिवसांसाठी मासे असायचे आणि मे महिन्यातला आमरस. मग यांच्या लक्षात आलं की बायकोचे हातसुद्धा त्यात गोठवून ठेवता येतात. कुणाचं लग्न असो, पुण्याला लेकीला भेटायला जायचं असो, यांचं एकच वाक्य: "जा की. फ्रीजर भर आणि जा." वर दुकानात गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे, "आमच्याकडे बायको गावाला गेली तरी जेवण तिच्याच हातचं." मीही त्यात तयार झाले. बटाटा घालायचा नाही, त्याचा स्पंज होतो. ओल्या नारळाचा रस घालायचा नाही, तो फुटतो. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप टिकतं. आणि गरम डबा कधीही आत ठेवायचा नाही. पुरता निवू द्यायचा, नाहीतर शेजारच्या डब्यांना घाम फुटतो आणि सगळंच नासतं.

शिमगा नुकताच झाला होता तेव्हा दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भिकाजी, केळशीला आईपाशी राहणारा. म्हणाला, "आईला जरा बरं नाय. येऊन जा."

आमच्याकडे असलं काही फोनवर कुणी सरळ सांगत नाही. "जरा बरं नाही" म्हणजे फार वाईट आहे, आणि "येऊन जा" म्हणजे असशील तशी नीघ. हे शेंबड्या पोरालाही कळतं. यांनाही कळत होतं. यांचे वडील गेले तेव्हा यांना अस्साच फोन आला होता, आणि हे दुकानाचं शटर अर्धवट टाकून पळत सुटले होते.

"जरा बरं नाही, एवढंच म्हणाला ना?" हे मला म्हणाले. "मग उद्या जा. आईचे गुडघे बघतेस ना, तिला ओट्याशी उभं तरी राहवतं का? आठ-दहा दिवसांचं करून ठेव." सासूबाईंनी लगेच गुडघ्यावरून हात फिरवला.

मी तो अख्खा दिवस रांधत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी दारात होती, पायात चप्पल होती, फक्त काळ्या वाटाण्याच्या आमटीचं पातेलं राहिलं होतं. ते सकाळीच उतरवलं होतं. मी म्हटलं, मी निघते, निवली की तुम्हीच डब्यात भरा. यांनी पातेल्याला हात लावून बघितला. "मला नाही त्यातलं काही कळत. निवू दे, भर आणि मग जा. एका आमटीपायी सगळं नासायला नको." मी पातेलं परातीत गार पाण्यात ठेवून त्याला ताटलीने वारा घालत बसले. माझी गाडी गेली.

पुढच्या गाडीने खेडला उतरले तेव्हा परत दादाचा फोन. "कुठे आलीस?" म्हटलं, खेडला.  तो म्हणाला, "सावकाश ये."

सावकाश ये म्हणजे काय, तेही आमच्याकडे सगळ्यांना कळतं. आई गेली होती. मी केळशीच्या गाडीत जाऊन बसले.

हे तिसऱ्या दिवशी केळशीला आले. पडवीत माणसं बसली होती. आमचे एक म्हातारे काका हळहळून म्हणाले, जरा आधी आली असती पोर तर तोंड दिसलं असतं. त्यावर हे काय बोलले असतील? "मी म्हणत होतो हो, आत्ताच्या आत्ता नीघ. पण हिला फ्रीजर भरल्याशिवाय चैनच पडत नाही. स्वभाव आहे एकेकाचा."

मयताच्या घरात जावयाशी भांडत नाहीत. मी दातावर दात धरून बसले. दादाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. तेराव्यापर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि निघाले तेव्हा स्टँडपर्यंत सोडायलाही आला नाही. आई गेली ते तिचं वय झालं होतं. पण भाऊ मात्र या माणसाने एका वाक्यात घालवला. तो मला परत हवा होता, आणि तो यांच्याच तोंडून परत हवा होता.

तर परत आले त्या रात्री मी फणसाच्या भाजीचा डबा काढला.

"ताजं काही नाही का?" हे म्हणाले.

"हे डबे संपेपर्यंत नाही." मी दोघांना वाढलं आणि समोर बसले. "ही भाजी मी फोडणीला टाकली ना, तेव्हा तिकडे आईने डोळे उघडले होते. मैनावहिनीला विचारलंन, निशा आली काय?"

मैनावहिनी म्हणजे दादाची बायको. त्या दोन दिवसांतलं काही तिने माझ्यापासून लपवलं नव्हतं, आणि मी त्यातलं काही विसरले नव्हते.

यांचा घास हातातच राहिला. "जेवताना काय हे?"

"जेवणाचंच तर सांगतेय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कोंबडीचं सुकं. यांचं भारी आवडीचं. मी चांगला मोठा तुकडा बघून वाढला. "हे मी परतत होते तेव्हा वहिनी आईला चमच्याने पेज भरवत होती. ओठांतून बाहेर यायची. खा ना, मीठ बरोबर आहे का?"

मग चवळीची उसळ, मग सुकटीची चटणी, मग डाळिंब्या. प्रत्येक डब्याबरोबर मी जे घडलं तेवढंच सांगायची. एक शब्द वाढवला नाही. आवाज चढवला नाही, रडले तर मुळीच नाही. मला वाईट वाटत होतं का? नाही. बरं वाटत होतं. यांच्या घशाशी घास अडकलेला बघितला की मला गाढ झोप लागायची.

यातून सुटायची वाटही मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली होती. "दादाला फोन लावा. सांगा, तिला मी थांबवलं. त्याच मिनिटाला उरलेले डबे मागच्या कुत्र्यांना घालते आणि तुम्हाला सुरमई तळून वाढते."

"एवढ्याशासाठी फोन? काय म्हणेल तो मला?"

"मला जे म्हणतोय तेच म्हणेल."

मग हे खानावळीत जेवायला लागले. मी अडवलं नाही. चार दिवस तिखट-तेलकट खाऊन पोट बिघडलं, ते आपोआप घरच्या पाटावर आले. मी डबा उघडला. एकदा चिडून फ्रीजरपाशी गेले, म्हणाले, सगळं फेकून देतो. "फेका," मी म्हटलं. "कशासाठी शिजवलं होतं ते दादाला सांगा आणि खुशाल फेका." त्यांनी झाकण परत लावलं. हा माणूस खोटं चारचौघांत मोठ्याने बोलतो आणि खरं बोलायची वेळ आली की याच्या नरड्याला कोरड पडते.

सासूबाई यांच्याआधी मोडल्या. एका दुपारी ताटावर हात जोडून बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "कर रे एकदाचा तो फोन. माझ्या घशाखाली उतरत नाय रे आता." मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. गुडघ्यावरून फिरलेला तो हात मला आठवत होता.

हे उठून दुकानात गेले.

असं करता करता डबे संपत आले. यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसायला लागलं होतं, थोडे दिवस कळ काढली की झालं, बाई थकेल. आणि तशात दादा आला. न कळवता. कचेरीत कसलंसं काम होतं म्हणून रत्नागिरीला आला होता, आणि मैनावहिनीने आईचं एक लुगडं माझ्यासाठी दिलं होतं, तेवढं द्यायला. दारातच उभा राहिला. "बसत नाय. गाडी हाय माझी."

"जेवल्याशिवाय जायचं नाही," मी म्हटलं. हे त्या वेळी जेवायलाच घरी आले होते. त्यांनी दादाला बघितलं आणि एकदम पाहुणचाराचा सूर लावला, "अहो बसा, बसा! निशा, काहीतरी ताजं कर बघू झटपट."

मी केलं की. कुळथाची पिठी केली, भात टाकला, पापड भाजले, आणि दादाला गरम गरम वाढलं. यांच्या आणि सासूबाईंच्या पानात मात्र शेवटचा डबा वाढला. काळ्या वाटाण्याची आमटी.

दादाने एकदा आपलं पान बघितलं, एकदा यांचं. "भावोजींना वेगळं ते काय म्हणून?"

"ती माझी आमटी नाही, त्यांची आहे," मी म्हटलं. "त्यांनाच विचार."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दादाने पिठीतला हात थांबवला आणि यांच्याकडे बघत राहिला. पडवीतल्या माणसांसमोर यांची जीभ किती सैल सुटली होती! आता एकटा दादा समोर होता, तर हे आमटीतला एक वाटाणा बोटाने या कडेपासून त्या कडेपर्यंत नेत होते.

"ती निघाली होती," शेवटी हे म्हणाले. "पिशवी दारात होती. ही आमटी गरम होती. मी म्हटलं, निवू दे, मग जा." मग आणखी हळू, "तिकडे मी बोललो ते... ते तसं नव्हतं."

मला हवं होतं ते झालं. अगदी जसं मनात रंगवलं होतं तसंच. मी दादाकडे बघितलं. आता तो चिडेल, पानावरून उठेल, यांना फाडून खाईल. तो खाली बघत होता.

"आई बोलली होती तसं," तो म्हणाला. "मला वाटलं, लेकीला सांभाळून घेते."

"काय बोलली होती?"

"तुला फोन केला त्याच्या आधीपासून मी रोज फोन हातात घेत होतो गो. ती करू द्यायची नाय. म्हणायची, तिला नको बोलवू, तिला आधी तिकडचं सगळं रांधून ठेवावं लागतं, मग सोडतात. जावईबापूंचे जेवणाचे हाल होतील. शेवटी मी तिला न विचारताच केला." त्याने नाक पुसलं. "जाताना पण तेच. मी एकटाच होतो तिच्याजवळ. निशा आली काय, म्हणाली, आणि मग आपणच म्हणाली, नाय, रांधून झालं नसेल तिचं. चुकलंच माझं, निशे. मी यांचं खरं धरलं."

माझ्या हातातला भाताचा वाडगा मी खाली ठेवला. इतकी वर्षं मी आईला कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. दर वेळी माहेरी गेले की, "हे लगेच जा म्हणाले," असंच सांगायची, आणि ती, "गुणाचा गो माझा जावई," म्हणायची. तिला सगळं ठाऊक होतं. मरताना ती माझी वाट बघत होती आणि या माणसाच्या पोटाची काळजी करत होती.

"झालं ना आता तुझ्या मनासारखं?" हे म्हणाले. सुटल्यासारखे दिसत होते. त्यांनी पान पुढे सारलं.

"संपवा ते," मी म्हटलं. "माझ्या आईला तुमचे हाल नको होते."

त्यांनी पान परत ओढलं. दादाच्या देखत, मान खाली घालून, एक एक घास खाल्ला. त्यांनी शेवटचा थेंब पुसून घेईपर्यंत मी तिथून हलले नाही. मग आत जाऊन दोन साड्या पिशवीत घातल्या, आईचं लुगडं वर ठेवलं आणि बाहेर आले.

"चल दादा, मी येतेय तुझ्याबरोबर. किती दिवस ते माहीत नाही."

दादाने पिशवी माझ्या हातातून घेतली. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा हे दारात आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस आईबद्दल काही बोलेल. एवढं सगळं कबूल करून झालं होतं, नुसतं एक वाक्य राहिलं होतं.

"आणि रात्रीच्या जेवणाचं?" हे म्हणाले.

दादा जागच्या जागी थांबला. मी थांबले नाही.